पप्पांची गाडी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही अगदी लहान आहात. तुम्हाला अजून चालता येत नाही, पण रस्ताच तुमच्याकडे चालत येतो आहे. समोरून म्हशींची पोटे जातात, सायकलींची पायडले जातात, मोठ्या माणसांचे गुडघे जातात. मागून कोणीतरी तुम्हाला ढकलत आहे. त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. पण तो आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भीती वाटत नाही.

ही गंमत मुलांना देण्यासाठी माझा जन्म झाला. मी एक जुनी बाबागाडी आहे. वयाने जुनी, चाकांनी मात्र नवीच. माझ्या चाकांवरची रबराची बारीक नक्षी अजून झिजलेली नाही. सध्या माझ्या बैठकीवर कांदे ठेवलेले असतात. कांद्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांना फिरायला जायचे नसते, एवढेच.

शिरवळजवळच्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. तिथल्या एका बाईने माझ्या बैठकीत वाळूची पिशवी ठेवली आणि ब्रेक लावून मला उतारावर उभे केले. मी तसूभरही हलले नाही. "शहाणी आहे गं ही," ती शेजारणीला म्हणाली. पुढे मला फारशा शाबासक्या मिळाल्या नाहीत, म्हणून ती एक चांगली लक्षात आहे.

तिथून मी सांगलीला आले आणि एका दुकानाच्या काचेत उभी राहिले. येणारे जाणारे थांबत, माझ्या गळ्यातली किमतीची चिठ्ठी वाचत आणि पुढे जात. मग एका दुपारी चार मोठी माणसे आणि एक झोपलेले बाळ आत आले.

ते आष्ट्याजवळच्या एका वाडीतले उसाच्या शेतीचे कुटुंब होते. मुलगा वीरधवल फौजेत होता. त्याची सुट्टी दुसऱ्या दिवशी संपत होती. सोबत त्याची बायको रेश्मा होती, वडील ज्ञानूतात्या होते आणि आई मनुबाई. मनुबाईंच्या खांद्यावर वर्षाच्या आतली नात माया झोपली होती. वीरधवलने मला काचेतून पाहिले होते आणि सगळ्यांना आत ओढून आणले होते.

दुकानदार दिग्विजयने किंमत सांगितली. मनुबाईंनी पदर सावरला.

"आवं, कमरंवर बसूनच वाढली की सगळी पोरं. ह्यो वीरूसुदीक. आमची कंबर काय भाड्यानं आनलीया व्हय?"

"एवढ्यात दोन शेळ्या येत्यात," तात्या म्हणाले. "दूध तरी देत्याल."

"तात्या, शेळीला बिरेक नसतोय," दिग्विजय म्हणाला.

"पर शेळी जिना चढती. चढंल का तुझी ही?"

सगळे हसले. रेश्मा हसली नाही. ती उकिडवी बसली आणि माझे पुढचे चाक बोटाने फिरवून पाहू लागली.

"आमच्या दारापासनं लक्ष्मीच्या देवळापतूर सिमेंटचा रस्ता हाय," ती म्हणाली. "तिथनं फुडं खडी. खडीवर चालंल?"

"चालंल वहिनी, पर हळू. खडीला मोठी चाकं लागत्यात."

"आन् यष्टीत चढवायची झाली तर?"

"घडी हुती. पर एका हातात पोर आन् एका हातात ही, म्हंजे जडच जानार. खोटं कशाला बोलू?"

"किती दिस बसंल पोर हिच्यात?"

"कंपनी तीन वर्सं म्हनती. पर एकदा पाय फुटलं की पोरं बसत न्हाईत, हे बी सांगतो."

मित्रांनो, महाग वस्तू घेताना प्रश्न कसे विचारावेत, हे रेश्माकडून शिकावे. रंग कोणता, शेजाऱ्यांकडे कोणती, हे तिने विचारलेच नाही. आपला रस्ता कसा आहे आणि आपले मूल केवढे आहे, एवढेच विचारले. उत्तरे ऐकून तिने मान हलवली. तिला मी नको होते, आणि तिचे बरोबरच होते.

तेव्हा वीरधवल बोलला. "आमच्या छावणीच्या गावात सांजंची मानसं पोरांस्नी असल्या गाडीत घालून निघत्यात. मी गेटावर उभा असतो. रोज बघतो." त्याने माझ्या दांडीवर हात ठेवला. "मला बी एकदा तसं जायाचं हाय. मायूला घिऊन."

मनुबाईंनी खांद्यावरच्या मायाला सावरले आणि त्याच दिग्विजयला म्हणाल्या, "बांध रं बाबा."

अशी मी वाडीत आले. मनुबाईंनी माझ्या चाकाशी नारळ फोडला आणि छतावर, दुकानातल्या प्लास्टिकवरूनच, कुंकवाचे स्वस्तिक काढले. पण त्या संध्याकाळी वीरधवलला निरोप द्यायला माणसेच माणसे आली. सकाळी त्याला रेल्वे गाठायची होती, म्हणून फेरा राहूनच गेला. उंबऱ्यावर त्याने झोपलेल्या मायाचा मुका घेतला, माझ्या दांडीवर एक थाप मारली आणि म्हणाला, "आल्यावर फिरवतो."

तो गेल्यावर रेश्मा माझे प्लास्टिक काढू लागली. मनुबाईंनी तिचा हात धरला.

"नव्या गाडीचा पैला फेरा मालकानं मारायचा असतोय. ट्रॅक्टर आनला तवा तात्यांनीच न्हाई का मारला? वीरू येऊस्तोवर काढायचं न्हाई."

"आत्ती, ट्रॅक्टर म्हातारा हुईस्तोवर चालतोय," रेश्मा म्हणाली. "पोरगी काय थांबनार हाय व्हय?"

"दिवाळीला येतोयच की त्यो."

त्यात मनुबाईंचा काहीच वाईट हेतू नव्हता. लेकाने एक गोष्ट मागितली होती, ती त्याच्यासाठी जपून ठेवायची, एवढेच त्यांच्या मनात होते. दर शनिवारी त्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसत. माझ्यावरची म्हणजे माझ्या प्लास्टिकवरची.

दिवाळीला त्याची सुट्टी रद्द झाली. गावच्या जत्रेला येणार होता, तेव्हा सीमेवर बदली झाली. मी ओसरीवर उभी होते. माया रांगत माझ्यापाशी येई आणि प्लास्टिकवर बोटांनी टकटक करी. एके दिवशी माझे चाक धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. मला काय आनंद झाला, सांगू! तेवढ्यात तिने चाक सोडले आणि तुरुतुरु चार पावले टाकत ती माझ्यापासून लांब गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाय फुटले की पोरे बसत नाहीत, हे दिग्विजयचे बोलणे माझ्या एकटीच्याच लक्षात होते.

"हात नगं लावू गं," मनुबाई तिला सांगत. "पप्पांची गाडी हाय ती."

एकदा मायाला ताप आला. रेश्मा तिला कडेवर घेऊन देवळापाशी यष्टीला गेली आणि दवाखान्यातून तिला तसेच उचलून परत आली. पोरगी आता चांगली वजनदार झाली होती. ओसरीवर टेकून रेश्माने कंबर चोळली, माझ्याकडे पाहिले आणि प्लास्टिकचे एक टोक उचलले.

"वीरूला काय सांगू मग मी?" मनुबाई हळूच म्हणाल्या.

रेश्माने टोक सोडून दिले. त्याच रात्री फोनवर वीरधवलने विचारले, "गाडी बरी हाय न्हवं?" तिने उत्तर दिले, "बरी हाय." खोटे नव्हतेच ते. मी बरीच होते.

मित्रांनो, त्या घरात एकमेकांवर माया नव्हती, असे नाही. उलट फार होती. पण त्याला काय आवडेल, हे सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवले आणि त्याला कोणी विचारलेच नाही.

सुट्टी दर वेळी हुकत गेली आणि शेवटी वीरधवल मोठी सुट्टी घेऊन आला, तेव्हा माया अंगणवाडीत जात होती. दारात तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले. ती आजीच्या पदरामागे गेली. फोनमधले पप्पा तिला ठाऊक होते. हे उंच, उन्हाने काळवंडलेले पप्पा तिने पाहिले नव्हते. तिने बराच विचार केला. मग आलेल्या पाहुण्याला त्याची वस्तू दाखवावी, तसे माझ्याकडे बोट केले.

"तुमची गाडी तिकडं हाय. घिऊन जावा."

सगळे हसले. वीरधवलही हसला. मग तो माझ्यापाशी आला. प्लास्टिक कापडाला चिकटले होते. स्वस्तिक फिके पडले होते.

"वापरलीच न्हाई व्हय?" तो म्हणाला. "फोनवर कवा दिसंना, तर मला वाटायचं भायेर नेट धरत नसंल, म्हनून फिरवताना दावत न्हाईत. मला वाटायचं रोज फिरतीया."

"तुझ्यासाठी ठिवली रं," मनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तो आईशेजारी जाऊन बसला.

मला विचाराल, तर त्या दिवशी दुकानात माझी किंमत जास्त नव्हती. मी महाग झाले ती ओसरीवर उभी राहून. म्हणून तुम्हाला एकच मागणे आहे. तुमच्या घरी एखादी वस्तू कोणासाठी तरी झाकून ठेवली असेल, तर त्याला जाऊन विचारा. कापड मळू द्या, चाक झिजू द्या. कापड धुता येते, चाक बदलता येते. मूल मात्र पुन्हा लहान होत नाही.

आता त्या मुलीने पुढे काय केले, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवलने मला दारात उभे केले. माया दप्तर घेऊन आली, मला पाहून थांबली.

"मी काय ल्हान हाय व्हय?" तिने विचारले.

"न्हाई गं. मोठी झालीस," तो म्हणाला आणि माझी घडी घालायला वाकला.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. काय दिसले तिला, कोण जाणे. "देवळापतूरच हां," ती म्हणाली आणि आपण होऊन माझ्यात चढली.

तिचे गुडघे हनुवटीला टेकत होते. पट्टा पुरला नाही. चपला सिमेंटवर घासत होत्या. मागून वीरधवल मला इतक्या हळू ढकलत होता की, ज्ञानूतात्यांची म्हातारी म्हैससुद्धा आमच्या पुढे निघून गेली. माझ्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फेरा देवळाच्या पायरीपाशी संपला.

माया उतरली. तिथून पुढची खडी तिच्या पायांना चांगली ठाऊक होती. ती दप्तर उडवत एकटीच निघाली, थोडी लांब गेली, आणि मग वळून पळत परत आली.

"दुपारी न्यायला तू ये. आजी नगं," तिने बापाला बजावले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन् हिला आनू नगंस. आपन चालत जाऊ."