चादरीखालची दोरी

बाल्कनीत, उन्हात, पाच शर्ट, तीन पँट, एक टॉवेल.

शाळेच्या डायरीत बाईंचा शेरा : वर्गात सतत खोकते. इतरांना त्रास होतो.

रंगाऱ्याच्या पिशवीत पत्र्याची पट्टी, पॉलिश पेपर, फडकं.

आतल्या खोलीची काच. सकाळी तिच्यावर थेंब असतात. मुलगी त्यांत बोटाने घर काढते. घर ओघळून जातं.

हे सगळं एकाच बिऱ्हाडातलं.

रंगारी सलग तिसऱ्या वर्षी त्याच भिंतीपुढे उभा होता. मुलीच्या उशीपासून थेट छतापर्यंत काळी बुरशी.

"वरच्यांचा पाइप गळतोय," आजी दारातून म्हणाल्या.

"त्यांचा पाइप स्वयंपाकघराकडे आहे, आजी. दोनदा तुमचं ऐकून रंग फासला, चुकलंच माझं. हे पाणी घरातलंच आहे." त्याने वर पाहिलं. पलंगावरून दोरी गेली होती. दोरीवर जुनी चादर, चादरीखालून काहीतरी टपकत होतं. "कपडे इथे वाळवता?"

"बायकांचे."

"मग वर पांघरूण कशाला? थंडी वाजते त्यांना?"

मुलीच्या आईला हसू आलं. तिने ते गिळलं.

"घरात पुरुष वावरतात," आजी म्हणाल्या. "परकर काय झेंड्यासारखे फडकवायचे?"

"निदान खिडकी उघडा."

"समोर माणसं राहतात."

"ओल गार भिंतीवर बसते, तिथून पोरीच्या छातीत जाते. मी यावर रंग लावणार नाही. दुसरा कुणी बघा." पिशवी उचलून तो गेला.

मुलगी पलंगावर बसून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होती. महिन्यात दोनदा दवाखान्यात वाफ द्यावी लागली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुत्रा आहे का, कुणी विडी ओढतं का. कपड्यांचं कुणी विचारलं नव्हतं आणि आईलाही सांगायचं सुचलं नव्हतं. तिच्या माहेरीही असेच वाळत.

आईने चादर खेचली. ओले कपडे बादलीत भरले, बाल्कनीत नेले, शर्ट सरकवून जागा केली.

"अगं, समोरच्या बायका मोजत बसतील."

"बसू देत. चिमटे कमी पडले तर त्यांच्याकडूनच मागून आणते."

दुपारी मुलीचे बाबा जेवायला आले. रस्त्यावरूनच त्यांना दिसलं होतं. बायकांचे कपडे दोरीवरून काढले, ओलेच मुलीच्या पलंगावर टाकले, बाल्कनीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून कामावर गेले.

मुलगी खोकत होती. आईने स्वयंपाकघरातून बत्ता आणला. आतल्या खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. पाचव्या घावाला सुटली. तिने एकेक परकर पिळून गजांना बांधला, रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा.

आजी पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या. खिडकी लाव, असं त्या म्हणाल्या नाहीत.

आजींना एक मुलगीही होती. ती याच भिंतीशी झोपायची. सातव्या वर्षी गेली.