फळ्यांचं स्टेज

"यंदा तरी मोठ्या स्टेजवर घ्या की, शेठ," कल्लप्पाण्णा म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडला. गिरणीच्या साळखात्यात, दोनशे मागांच्या खडखडाटात चौदा वर्षं काढलेला माणूस ओरडतो, तेव्हा आपण कुजबुजतोय असंच त्याला वाटत असतं. पलीकडच्या रसवंतीवरच्या दोघांनी वळून पाहिलं आणि यांना मोठ्या स्टेजवर घ्यावं की नाही यावर आपापसांत चर्चा सुरू केली.

जत्रेतल्या संगीत मेळ्याचे सेक्रेटरी सिद्रामप्पा शेठ सभ्य होते. ते म्हणाले, "कल्लप्पा, तुमच्या पार्टीला आम्ही स्वतंत्र स्टेज दिलंय. असं स्वतंत्र कुणालाच नाही."

स्वतंत्र होतं खरं. मैदानाच्या टोकाला, मौत का कुआँ आणि पुरुषांची मुतारी यांच्या मधोमध, डांबराच्या सहा पिंपांवर फळ्या टाकून केलेलं. मोठ्या स्टेजवर भजन, शाहिरी आणि पुण्याचा ऑर्केस्ट्रा. जे कुणाच्या कानावर पडू नये असं कमिटीला वाटे, ते आमच्याकडे. आमच्याआधी एक जण नाकानं बासरी वाजवायचा. पुढं त्यालाही मोठ्या स्टेजवर घेतलं.

पार्टीत आम्ही तिघं. कल्लप्पाण्णा बेंजो वाजवायचा आणि गायचा, येडू हलगी आणि मी तेलाचे तीन रिकामे डबे. गाणी दोन-दोन मिनिटांची, कारण जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि तालमीआधी भाकरी खायची. एक गाणं जॉबरवर, म्हणजे खात्याच्या मुकादमावर, एक कँटीनच्या चहावर, एक भोंग्यावर. कर्ण्यातून आवाज असा फाटून निघायचा, की कुआँतला मोटारसायकलवाला येऊन म्हणायचा, "भाई, जरा आहिस्ता. पब्लिक मेरेकू सुनने आती." पण आमची पब्लिक ठरलेली होती. तिन्ही पाळ्यांचे साळखात्यातले लोक. त्यांना आमच्याशिवाय दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

"आण्णा, आपलं स्टेज काय वाईट हाय?" येडूनं परत येताना विचारलं. विचारलं म्हणजे पुढं जाऊन, वळून, तोंड दाखवून विचारलं. साळखात्यात आम्ही असंच बोलायचो. ओठ बघून.

"तितं बायका येत न्हाईत," आण्णा म्हणाला.

मुतारीच्या बाजूला कुठली बाई येणार? म्हणजे आण्णाच्या घरच्या मल्लव्वावैनीसुद्धा येणार नाहीत. तेव्हा मला उलगडा झाला. डॉक्टरांनी त्याला कागदावर लिहून दिलं होतं, बोलून उपयोग नव्हता म्हणून: उरलेलं ऐकू येणं आणखी वर्षभर. लग्नाला अकरा वर्षं आणि साळखात्यात चौदा. म्हणजे बायकोचा आवाज त्यानं धड कानानं कधी ऐकलाच नव्हता. आता त्यानं तिच्यावर एक गाणं केलं होतं. आपल्याला थोडं ऐकू येतंय तोवर ते तिच्यासमोर म्हणायचं, एवढंच त्याचं काम होतं.

"वैनीला सांगितलंस?" मी ओठांनी विचारलं.

"न्हाय. चोरून बसवलंय. घरात नुसतं गुणगुणतो. हळू."

त्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, वळसंगच्या भजनी मंडळाचा ट्रक वाटेत बंद पडला. दुपारी चार वाजता मोठं स्टेज मोकळं पडलं आणि सिद्रामप्पा शेठ स्वतः आमच्या पिंपांपाशी आले. "दहा मिनिटं. जॉबरचं गाणं नको. जॉबर आमच्या कमिटीवर आहेत."

आण्णानं नवा सदरा घातला. आम्ही तिघं नेहमीसारखे अनवाणी चढलो. आमची ती पद्धतच होती. लोकांना वाटे, भक्ती. खरं कारण असं, की येडूची हलगी फळीतून तळपायात शिरायची आणि तिथून वर चढायची. आण्णा ताल कानानं धरतच नव्हता. कित्येक वर्षं तो पायानं ऐकत होता. साळखात्याची जमीनही तशीच थरथरते. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, त्यामुळे कुणी कधी त्याचा विचारही केला नव्हता.

मोठं स्टेज विटांचं होतं. वर शहाबादी फरशी. सुंदर, गार.

मल्लव्वावैनी बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, हिरव्या इरकली लुगड्यात. आण्णानं त्यांना पाहिलं, मान हलवली. येडूनं हलगीवर काडी मारली.

आण्णा थांबला. त्यानं पायाकडं पाहिलं. येडूनं आणखी जोरात मारली. आण्णानं एकदा टाच आपटली. फरशीनं ओळख दिली नाही.

मग त्यानं नुसत्या अंदाजानं सुरुवात केली.

"हळू बोललीस तरी चालंल गं,
तोंड माज्याकडं कर..."

दुसऱ्या ओळीला तो आमच्या पुढं होता, तिसरीला फार पुढं. मी डबे बडवत त्याला गाठायला धावलो, येडू मला गाठायला. येडू हातवारे करत होता, पण आण्णा पायांकडंच बघत होता, तिथं काही तरी हरवल्यासारखा. तो कडवं संपवून थांबला तेव्हा आमचं अर्धं व्हायचं होतं. आम्ही ते पूर्ण केलं. एकदा सुरू केलेलं मध्येच टाकायला साळखात्यात कुणी शिकवत नाही.

लोक हसले. ते त्याला ऐकू गेलं नाही. म्हटलं, बरं झालं. पण आण्णानं आता मान वर केली होती, आणि साळखात्यातल्या माणसाला चार माग पलीकडचं ओठांवरून वाचता येतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो पहिल्या रांगेच्या डाव्या टोकापासून सावकाश वाचत गेला. कुणी 'उतरा' म्हणत होतं, कुणी 'पिऊन आलाय'. लोक काय ते मनमोकळं बोलत होते. त्यानं एकही ओळ गाळली नाही.

दुसऱ्या रांगेत मल्लव्वावैनींपाशी तो थांबला. वैनी हसत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते. आम्ही मघाशी संपवलेलं गाणं त्या म्हणत होत्या, शब्दाला शब्द, तालात.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "वैनी, तुमाला कसं ठावं?"

"चार म्हैने घरात वरडतंय, भावजी. समद्या चाळीला पाठ झालंय. तेवडं त्यास्नी सांगू नका."

आण्णा बेंजो फडक्यात गुंडाळत होता. वैनी त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "लई ग्वाड झालं," त्यांनी ओठांनी सांगितलं.

"सगळं वाचलंय मी," आण्णा म्हणाला.

"होगली बिडु," वैनी म्हणाल्या. जाऊ दे.

डॉक्टर शब्दाचे पक्के निघाले. दिवाळीच्या आत उरलेलंही गेलं. भोंगा ऐकू येत नाही म्हणून आण्णाला साळखात्यातून काढून गठ्ठ्यांच्या गोदामात टाकलं. तिथं जमीनही गप्प असते. बेंजो खुंटीवर राहिला. येडू लग्नाच्या वराती वाजवू लागला. माझे डबे आईनं डाळीला घेतले.

पुढच्या जत्रेत, एका दुपारी, अजून गर्दी नव्हती तेव्हा, मल्लव्वावैनी आण्णाला हाताला धरून मैदानात घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "भावजी, तुमचं ते स्टेज दावा की मला."

"वैनी, तिकडं बायका येत न्हाईत."

"मग आजपास्नं येत्यात."

मुतारीतून बाहेर येणारा एक गृहस्थ त्यांना पाहून परत आत गेला. पिंपं तीच होती, फळ्या त्याच. यंदा तिथं जादूगार होता आणि तो जेवायला गेला होता. वैनी वर चढल्या. आण्णालाही त्यांनी चढवलं आणि खाली वाकून त्याच्या चपला काढल्या. तो नको नको म्हणत राहिला, आपल्या मते कुजबुजत. मग वैनींनी स्वतःच्या चपला काढल्या, लुगडं घोट्यावर उचललं आणि टाच फळीवर मारली.

येडूची सुरुवात. बरोबर तीच. मग पहिली ओळ, टाचेनं. मग दुसरी.

आण्णा त्यांच्या ओठांकडं बघत होता. ओठ मिटलेले होते.

बहिरा झाल्यापासून तो झोपेशिवाय डोळे मिटत नसे. मिटले की सगळंच बंद. तिथं, त्या फळ्यांवर, त्यानं ते सावकाश मिटून घेतले.

कुआँतला मोटारसायकलवाला फटफटी सुरू करायला आला होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं, गाडी स्टँडवर लावली आणि हात पुसत उभा राहिला.