मागचं डावं दार

जावईबापू विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत, आणि त्यांच्या सासूबाई गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान चालवत. दोघांचं तसं बरं जमायचं. फक्त जावयाला वाटे, जगातली कुठलीही बिघडलेली गोष्ट खुर्चीवरून न उठता दुरुस्त होते. आणि सासूबाईंना वाटे, हा माणूस खुर्चीवरून जरा उठला तर बरं.

कंपनीची नवी गाडी त्याने घरी आणली आणि तिसऱ्याच दिवशी ती बोलायला लागली. "मागचं डावं दार उघडं आहे." दार तर बंद होतं. त्याने उतरून ते पुन्हा आपटलं. दोन चौक गाडी गप्प राहिली, मग परत तेच पालुपद.

"सेन्सर हळवा आहे," तो बायकोला म्हणाला. "उगाच कांगावा करतो."

कंपनीकडेही शंभरेक गिऱ्हाइकांची हीच तक्रार आली होती, आणि काम नेमकं त्याच्याच टेबलावर येऊन पडलं. दोन दिवसांत त्याने तोड काढली. सेन्सरने लगेच ओरडायचं नाही, जरा दम धरायचा. आणि बारीकशी फट म्हणजे फट नव्हेच. बसल्या जागेवरून त्याने अपडेट पाठवला, सगळ्या गाड्यांची तोंडं बंद झाली. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. तो आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होता.

रविवारी सासूबाईंना एका गिऱ्हाइकाकडे पडदे पोचवायचे होते. त्या गठ्ठा मांडीवर घेऊन मागे डाव्या बाजूला बसल्या.

"जावईबापू, कानाला वारा लागतोय."

"काच पूर्ण वर आहे, आई. आणि स्क्रीनवर दार बंद दाखवतंय."

"स्क्रीन तुमच्यापुढे आहे. कान माझा आहे."

त्याने हसून विषय टाळला. वाटेत गाडी धुण्याचं यंत्र लागलं. परक्याच्या दारात मळकी गाडी कशाला न्यायची, म्हणून त्याने ती आत घातली. ब्रश गरगर फिरू लागले, आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची चिळकांडी थेट सासूबाईंच्या पायावर आली. त्यांनी पडदे डोक्यावर धरले. आता यंत्र थांबेपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. साबणाचं पाणी येत राहिलं. गाडीने चकार शब्द काढला नाही.

"गुणाची आहे हो तुमची गाडी," पडद्यांखालून सासूबाई म्हणाल्या. "माणूस भिजलं तरी उलट बोलत नाही."

बाहेर आल्यावर आता चांगलीच कानउघाडणी होणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण त्यांनी दाराचं रबर पदराने कोरडं केलं, पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि रबरावर सगळीकडून घासला. दार लावलं, उघडलं. समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटली होती. खालच्या कोपऱ्यात मात्र चार बोटं कोरी.

"इथे दार टेकतच नाही. ती बिचारी खरं सांगत होती, तुम्ही तिला दटावून गप्प बसवलंत." खडू पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "शिवण उसवली तर टाका घालावा, जावईबापू. वरून इस्त्री फिरवून काय उपयोग?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दार आपटताना आपण एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं, हे त्याला आठवलं.

सोमवारच्या बैठकीत तो उठून म्हणाला, "माझा अपडेट मागे घ्यायला हवा."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोण म्हणतं?"

"माझ्या सासूबाई."

खोलीत खसखस पिकली. तो मात्र सगळ्यांना आवारात घेऊन गेला. तिथे अकरा कोऱ्या गाड्या उभ्या होत्या. दुपारपर्यंत त्याने अकराही गाड्यांचं मागचं डावं दार खडू घासून तपासलं. चार गाड्यांची रेघ त्याच जागी तुटली. मग कोणी हसलं नाही. कारखान्यात शोध घेतला तेव्हा कळलं की बिजागरी बसवताना दार धरून ठेवणारा साचा एका बाजूला झिजला होता. अपडेट मागे घेतला गेला, विकलेल्या गाड्या दुरुस्तीला बोलावल्या. गिऱ्हाइकांना फोन करायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं.

बहुतेकांनी तारीख विचारली आणि फोन ठेवला. एका आजोबांनी मात्र उलटतपासणी घेतली. "मधे तो आवाज थांबला होता, म्हणून मी निर्धास्त झालो. नातीला मागेच बसवत होतो. आवाज थांबला कसा?"

बाजूच्या टेबलावरचे सगळे ऐकत होते. सेन्सरवर ढकलणं सोपं होतं.

"मी थांबवला होता, आजोबा," तो म्हणाला. "चूक माझी. उद्या सकाळी तुमची गाडी न्यायला मीच येतो."

आजोबा म्हणाले, "दहाच्या आत या. नंतर नात आणि मी झोपतो."