खालचा आकडा

…नायलॉनच्या दोरीचं ते टोक पुन्हा खिडकीच्या काचेवर आपटलं. टोकाला गाठ मारलेली, गाठीपुढची दोरी लायटरनं जाळून कडक केलेली, त्यामुळं आवाज दोरीचा न येता खड्याचा येत होता, आणि वारा असा होता की धड वाहतही नव्हता, धड थांबतही नव्हता. विशाखानं दोनदा उठून खिडकी लावली, दोनदा उघडली. लावली की गेटाला लागून असलेल्या शिक्षकखोलीची भट्टी व्हायची. एप्रिल संपत आला होता आणि पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता. काल फ्लेक्सवाल्यानं गेटवर नवा फ्लेक्स बांधला, उरलेली दोरी कापायचा कंटाळा केला आणि तशीच लोंबती ठेवून निघून गेला. फ्लेक्सवर काय आहे हे पाहायला तिला मान वळवायची गरज नव्हती. सलग आठव्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के, प्रवेश सुरू.

गणिताच्या शिक्षकाला टक्का दिसला की आधी खालचा आकडा शोधायची खोड असते – कितीपैकी? तिनं ती खोड आपल्या मुलीलाही लावली होती. मागच्याच महिन्यात सिडकोतल्या एका साड्यांच्या दुकानापुढं सायली थांबली, ‘पन्नास टक्के सूट’ या ढोल्या अक्षरांच्या शेवटी मुंगीएवढं ‘पर्यंत’ लिहिलेलं बोटानं दाखवून खदखदून हसली, आणि विशाखा ते कौतुक आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरली. दुकानदाराला हसणं सोपं असतं… आपल्या शाळेच्या फ्लेक्सवर मुंगीएवढंही काही लिहिलेलं नाही. तिथलं त्या बारीक ‘पर्यंत’चं काम मी करते, असं तिला वाटलं आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना अशा धास्तीनं, तिनं दाराकडं पाहिलं.

हिशेब तसा पाचवीतल्या पोराला समजेल असा होता. परीक्षेला बसलेले आणि त्यातले पास झालेले. वरचा आकडा वाढवायचा तर शिकवावं लागतं, रक्त आटवावं लागतं, आणि तरी तो हाती लागेलच असं नाही. खालचा मात्र एका अर्जानं कमी होतो. नववीत कच्ची पडलेली चार-सहा पोरं वेचायची, त्यांच्या आईबापांना बोलवायचं, शाळा सोडल्याचा दाखला काढून घ्या म्हणायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून थेट दहावीला बसवा, वर्ष वाचेल. कुणी रडायचं, कुणी संस्थेच्या नावानं खडे फोडायचं, पण शेवटी सही व्हायची. मग ती पोरं बाहेरून परीक्षेला बसायची – किंवा बसायचीच नाहीत – आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लागायचा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फ्लेक्सवरचा आकडा बोर्डाच्या कागदाशी तंतोतंत जुळणारा होता आणि तिला नेमकं तेच खात होतं.

यंदा तिच्या वर्गातून निघालेलं नाव शीलाचं होतं. नववीला गणितात आणि इंग्रजीत नापास झालेली, मुकुंदवाडीत राहणारी, बारीक चणीची मुलगी. तिचे वडील अकराच्या सुमारास येणार होते. मुख्याध्यापकांनी काल जाता जाता, स्कूटीच्या हँडलवर हात ठेवून, आवाज जराही न चढवता सांगितलं होतं की मॅडम, टक्का पडला की प्रवेश पडतात, प्रवेश पडले की तुकडी पडते, आणि तुकडी पडली की अतिरिक्त शिक्षक कोण ठरतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दिलेला अर्जाचा नमुना तिच्या टेबलावर तयारच होता, नावाची जागा तेवढी कोरी.

आज पोळ्या लाटताना तिनं ठरवलं होतं की शीलाच्या वडिलांना सरळ सांगायचं – सही करू नका, पुन्हा नववीत बसवा, तुम्ही नाही म्हणालात तर शाळा तिला काढू शकत नाही, मी शिकवते तिला. जालना रोडच्या सिग्नलपर्यंत ते ठरलेलंच होतं. गेटातून स्कूटी आत घेताना फ्लेक्सची सावली अंगावरून गेली आणि ठरलेलं पुन्हा ढिलं झालं… कुठं पाठवतील अतिरिक्त ठरवून? सायलीची दहावी दोन वर्षांवर आलेली. आणि मी एकटीनं काय मक्ता घेतलाय? बाकीच्या तुकड्यांचे वर्गशिक्षक शांतपणे डबा खातात, त्यांना झोप लागते. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

शीलाचं वर्गात कधी तोंड उघडायचं नाही. पण सांख्यिकीचा धडा चालू असताना, फळ्यावर दहा मुलांच्या गुणांची सरासरी काढायला लावली होती तेव्हा, ती अचानक उभी राहिली होती. दहातली एक मुलगी गैरहजर होती, उदाहरणातच तसं होतं. शीलानं विचारलं, मॅडम, तिचं शून्य धरायचं का? विशाखा म्हणाली होती, नाही, जी बसलीच नाही तिला धरायचंच नाही, नऊनं भागायचं. शीलानं वहीत नऊनं भागलं, सरासरी चांगली वाढली, पोरांना गंमत वाटली. उत्तर बरोबरच होतं… मी शिकवलेलं सगळं बरोबरच असतं. हातावरची खडूची भुकटी झटकून तिनं पुढचं उदाहरण घातलं होतं.

तिच्या स्वतःच्या दहावीला कन्नडजवळच्या तिच्या गावच्या शाळेचा निकाल चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर लागला होता. तालुक्यात नाचक्की झाली होती, मामा म्हणाले होते पोरीला कसल्या शाळेत घातलं. पण त्या वर्षी झाडून सगळी पोरं बसली होती – ऊसतोडीवरून जानेवारीत परतलेली, मेंढरांमागून उठून आलेली, आणि तिच्या बाकावरची सारजा, जिला दुसऱ्यांदाही गणित सुटलं नाही आणि तिसऱ्यांदा सुटलं. दर वेळी सारजा बसली की शाळेचा टक्का तेवढा खाली यायचा. तिला बसू देण्यात गुरुजींचा काही थोरपणा होता असंही नाही. तिला वगळता येतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सारजा आता गावात अंगणवाडी चालवते, लग्नाकार्यात भेटली की हात घट्ट धरून ठेवते. तो हात आठवून विशाखाला आत्ता, या खुर्चीत, उगाचच रडू यायला लागलं आणि स्वतःचा राग आला.

“येऊ का, बाई?”

शीलाचे वडील आप्पा दारात उभे होते. मागं शीला, शाळेच्याच गणवेशात, सुट्टी लागलेली असूनही. आप्पांचं घराणं खुलताबादच्या वरच्या अंगाला मेंढरं राखणारं. मेंढरं मोडून ते शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका गोदामात हमाली करू लागले. त्यांनी चपला बाहेर काढल्या. विशाखा नको नको म्हणाली, तरी काढल्या. खुर्चीच्या कडेवर बसले आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलू लागले. पोरीचा निकाल त्यांना कळला होता, पण त्याची त्यांना काळजी नव्हती.

“दोन साल झाले, ह्या गेटापुढून चाललो व्हतो,” ते म्हणाले. “पानटपरीवाल्याला म्हनलं, काय लिव्हलंय वाच. तो म्हनला शंभर टक्के. म्हनलं इथं एक बी लेकरू मागं ऱ्हात नाय, मग माझीच कशी ऱ्हाईल? लई हिंडून हीच शाळा धरली बगा.”

विशाखानं अर्ज पुढं ओढला, मग मागं सारला, मग त्यावर पेपरवेट ठेवला. भांडणारे बाप तिला सोपे गेले असते. रडणाऱ्या आयांना पाणी देता येतं, पाठीवर हात ठेवता येतो. पण या माणसानं तिच्या आकड्यावर असा भार टाकला होता की तो काढून घ्यायचा तर आधी आठ वर्षांचे सगळे फ्लेक्स उतरवावे लागले असते… सांग, आत्ता सांग, खोलीत दुसरं कुणी नाही, सर मीटिंगमध्ये आहेत. तिनं बोलायला सुरुवात केली आणि तिच्या तोंडून दरवर्षीचीच वाक्यं बाहेर पडली, त्याच क्रमानं: नववी पुन्हा करण्यात वर्ष जाईल, बाहेरून फॉर्म भरला तर थेट दहावी, तिच्या भल्यासाठीच, इथं दाखल्यासाठी सही. आपलाच आवाज तिला पलीकडच्या वर्गातून आल्यासारखा ऐकू येत होता.

आप्पांचा चेहरा उजळला. म्हणजे एक वरीस वाचलंच की, असं ते शीलाकडं वळून म्हणाले. त्यांना ती बढती वाटली होती. आप्पांनी टेबलावरचं पेन उचललं, कागदावर जागा हेरली, आणि मग, खरेदी पक्की करताना माणूस एकदा विचारून घेतो तसं, विचारलं की अशा बाहेरून बसलेल्या पोरी पास होत्यात ना?

“होतात की,” विशाखा म्हणाली. “ऐंशी टक्के तरी होतात.”

ते कुठून आलं तिला कळलं नाही. ती श्वास घेण्याइतक्या सहज म्हणाली, जरासं हसून, आणि ‘तरी’ हा शब्द तर असा लागला जागेवर की खुद्द तिचाही क्षणभर विश्वास बसला. आप्पांचे खांदे सैल झाले. ऐंशी म्हणजे लई झाले, ते म्हणाले.

“मॅडम,” शीला म्हणाली. ती टेबलाच्या कडेशी आली होती. आवाजात तक्रार नव्हती, भीती होती, निकालाच्या दिवशी पोरींच्या आवाजात असते तेवढीच. “मग मी त्या ऐंशीत हाय का विसात?”

आप्पा हसले, येडी कुठली, म्हणाले. विशाखालाही हसता आलं असतं, वेळ मारून नेता आली असती, ऐंशीतच गं, म्हणून पोरीच्या गालाला हात लावता आला असता. तिच्या बोटांनी तशी तयारीही केली होती. पण पोर उत्तरासाठी थांबली होती. आणि विशाखा त्या ऐंशीकडं आत बघायला गेली, तर तिथं कुणीच नव्हतं. ऐंशीही नव्हते, वीसही नव्हते. आठ वर्षांत मी किती पाठवली? तिनं मोजायला घेतलं, भराभर, आप्पांचं पेन कागदाला टेकायच्या आत मोजून व्हायला हवं असल्यासारखं – पहिला तो उंच मुलगा, मोबाइलच्या दुकानात दिसलेला, बसला होता का तो परीक्षेला, विचारलंच नाही. मग जिचं दिवाळीत लग्न झालं ती. मग एक जुळी भावंडं, त्यातला एक की दोघं… मग एकीचं नाव येईना, नुसती तिची डाव्या हातानं लिहायची ढब आली, वहीपासून कोपर दूर धरून. तिच्या पुढं कुणी होतं, नक्की होतं, बाकावर जागा दिसत होती आणि चेहरा दिसत नव्हता. आप्पांनी अडखळत पहिलं अक्षर काढलं. शीला अजून बघत होती, आणि विशाखाला मुख्याध्यापकांची, तुकडीची, नोकरीची काहीच भीती वाटेनाशी झाली होती. भीती वाटत होती ती एवढीच की ही मोजणी आता आपल्याला कधी थांबवता येणार नाही.