अकरा मिनिटं उघडी राहिलेली चूक

अनुराधाला आपली चूक कळायला अकरा मिनिटं लागली.

सोमवारची दुपार होती. जेवण आटोपून ती बोरगावच्या घरी माडीवर कामाला बसली होती. बेळगावच्या एका लहानशा कंपनीत तिची नोकरी. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, बाकीचे घरून. कंपनी छोट्या दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं करायची. निपाणीच्या एका दवाखान्यात वर्षापूर्वी तिनं स्वतः जाऊन ‘फेरीमन’ बसवून दिलं होतं. लिंक टाकली की फाइल उतरवून घेणारं हे साधं सॉफ्टवेअर. फुकटातलं, कोड सगळ्यांना बघायला खुला. परदेशातला मार्टिन नावाचा एक मास्तर शाळा सांभाळून ते चालवायचा. दवाखान्यात पेशंटचे रिपोर्ट, स्कॅन, सगळं त्यातूनच उतरायचं.

त्याच फेरीमनमध्ये तिला भोक सापडलं होतं. उतरणाऱ्या फाइलीचं नाव काय, हे पाठवणारा सांगतो. त्या नावात दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ घातली, की फेरीमन ती फाइल नेमलेल्या फोल्डरात न ठेवता पाठवणारा म्हणेल तिथं नेऊन ठेवायचं. पाव्हण्याला सोप्यात बसा म्हणावं आणि त्यानं तडक देवघरात शिरावं, तशातली गत. कॉम्प्युटर सुरू होताना जे आपोआप चालू होतं, त्या जागी कुणी फाइल ठेवली तर संपलंच. पुढच्या खेपेला कॉम्प्युटर चालू झाला की मालक दुसराच.

असं काही सापडलं की आधी गुपचूप, फक्त बनवणाऱ्याला कळवायचं आणि त्यानं दुरुस्ती केल्यावरच जगाला सांगायचं, ही रीत अनुराधाला पाठ होती. तिनं सगळं तपशिलानं लिहिलं. खात्रीसाठी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर कुठली फाइल कुठं उतरली, त्याची नोंदही जशीच्या तशी जोडली. पण फेरीमनच्या पानावर खासगी कळवायचं बटण आणि चारचौघांसमोर तक्रार मांडायचं बटण शेजारी शेजारी होतं. मार्टिनचं काही उत्तर आलंय का, म्हणून अकरा मिनिटांनी तिनं फोनवरून पान उघडलं. फोनवर तिचं खातंच नव्हतं, तरी तिचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होतं.

म्हणजे ते कुणालाही वाचता येत होतं; तिनं चुकीचं बटण दाबलं होतं. पत्र पुसलं, तेच खासगी वाटेनं पुन्हा पाठवलं. एवढ्यात कुणी बघितलं नसेल, असं ती मनाला सांगत राहिली. रात्री जेवणावर वासना राहिली नाही. आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

मंगळवारी सकाळी नऊला अनोळखी पत्त्यावरून मेल आला. इंग्रजीत तीनच वाक्यं होती. तुम्ही पुसलेलं मी वाचलं आहे. आठ दिवस कुणाशी बोलू नका. दवाखान्याचं नाव कळलं.

नाव कसं कळलं, हे तिला लगेच उमगलं. तिनं जोडलेल्या नोंदीत दवाखान्याच्या फोल्डरचं नाव होतं आणि ते झाकायचं तिला सुचलंच नव्हतं. एका पत्रात दोन चुका, आणि दोन्ही तिच्याच हातच्या.

मग भीतीला पाय फुटले. बोललं तर तो माणूस काय करील? कंपनीच्या ओमकार सरांना सांगितलं तर नोकरी जाईल. दवाखाना पोलिसात गेला तर तूच केलंस म्हणतील, भोक शोधणारी तूच, कॉम्प्युटरची नोंद काढणारी तूच. आठ दिवस गप्प राहिलं तर कदाचित सगळं निवळेलही. ती तशीच बसून राहिली. खाली अण्णा, तिचे वडील, मोटरसायकल पुसत होते. तंबाखूच्या वावरात निघायच्या बेतात होते. ती जिना उतरून त्यांच्यापुढं उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

जिनपाल अण्णांना यातलं फारसं काही कळलं नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. दवाखान्यात माणसं झोपलेली असतात न्हवं? आणि तिथं कुणाला ठाऊक हाय काय? तिनं पहिल्याला होकार दिला, दुसऱ्याला नकार.

“घरात साप शिरल्याला तुला दिसलाय,” अण्णा म्हणाले, “आन् लोक काय म्हनतील म्हणून तू दार लावून बसतीस व्हय? चल, बस मागं.”

वाटेत तिनं ओमकार सरांना तीनदा फोन लावला, दवाखान्यालाही लावला. दोन्हीकडं कुणी उचलला नाही. 

दवाखान्याचे डॉक्टर चिकोडीला गेले होते. डायलिसिसच्या खोलीत चार पेशंट मशीनला लागलेले होते आणि राजाबाई सिस्टर एकेकाचं प्रेशर बघत होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. अनुराधानं धापा टाकत सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं, बाहेर नेलं आणि हळू सांग म्हणाल्या. अनुराधानं काही लपवलं नाही. चूक माझी, नाव माझ्यामुळंच बाहेर गेलं, हेही सांगून टाकलं. कॉम्प्युटरची नेटची वायर आत्ताच काढायला पाहिजे, म्हणाली.

राजाबाईंनी आत मशीनांकडं एकदा बघितलं. मग विचारलं, “वायर काढली तर माझी मशीनं बंद पडतील काय?”

“न्हाय. मशीनचा आन् इंटरनेटचा संबंध न्हाय. रिपोर्ट तेवढे हातानं लिहावे लागतील.”

“मग डॉक्टरची वाट कशाला बघायची? काढ.”

काउंटरवर भरमू बसले होते, दवाखान्याचे जुने कारकून. ते वैतागलेलेच होते. सकाळपासनं कॉम्प्युटर लई हळू चाललाय, म्हणाले, आत्ता बंद करून परत चालू करतो. त्यांचा हात बटणाकडं चालला होता.

“काका, हात लावू नका.”

तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिलाच तो ऐकू आला की नाही कळेना. पण भरमूंनी तिचं तोंड बघितलं आणि हात मागं घेतला. तिनं टेबलाखाली वाकून नेटची वायर उपसली. मग कॉम्प्युटरवर आधीच उतरलेले सकाळचे मेल बघितले. साडेआठला एक आला होता, ‘पेशंटचा रिपोर्ट’ म्हणून, खाली लिंक. भरमूंनी ती नेहमीसारखी फेरीमनमध्ये टाकली होती. रिपोर्ट काही उघडला नाही, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

म्हणजे धमकी यायच्या अर्धा तास आधीच फाइल आत येऊन बसली होती. आठ दिवस गप्प राहा, हे नुसतं तिला घरी बसवायला होतं.

ती फाइल अनुराधाला सापडली, कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या गोष्टींच्या जागीच, साध्याशा नावानं. कॉम्प्युटर अजून एकदाही बंद करून चालू झाला नव्हता, म्हणून ती नुसती पडून होती. अनुराधानं तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि मूळ फाइल पुसली. बाकीचे दोन कॉम्प्युटर तपासले. त्यांत काही नव्हतं. ती उठली तेव्हा भरमूंनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.  त्यांचाही चेहरा उतरला होता.

दुपारी सरांचा फोन आला. तिनं पहिल्यापासून सांगितलं.  सर म्हणाले, सगळ्या दवाखान्यांना आत्ताच्या आत्ता फोन करून फेरीमन बंद करायला सांग, तुझं काय करायचं ते मग बघू. ती आणि ऑफिसातली रचना संध्याकाळपर्यंत फोनच करत बसल्या.

मार्टिनचं उत्तर त्याच दिवशी आलं. शाळा सुटल्यावर बघितलं, उशीर झाला, माफ करा, असं सुरुवातीलाच होतं. तिनं त्याला धमकीचा मेल आणि ती फाइल, दोन्ही पाठवलं. त्यानं रजा टाकली. गुरुवारी दुरुस्त फेरीमन बाहेर आलं आणि सोबत जाहीर सूचना. सूचना काढण्याआधी त्यानं विचारलं होतं, शोधणाऱ्याचं नाव द्यायचं की नको, आणि त्या अकरा मिनिटांचा उल्लेख गाळायचा का.

तिला गाळायचा होता. उत्तर लिहायला तिनं तास घेतला. शेवटी कळवलं, की नाव द्या आणि तेही लिहा, म्हणजे लोक सोमवार दुपारपासूनच्या फाइली तपासतील.

लोकांनी तपासल्या. फेरीमनच वापरणाऱ्या परदेशातल्या एका गावच्या वाचनालयाला मात्र फार उशीर झाला होता. तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्याची वर्षानुवर्षं जमवलेली ध्वनिमुद्रणं गेली होती. मार्टिननं हे तिला कळवलं, दोष कुणालाच दिला नाही. अनुराधानं वाचनालयाला माफीचं पत्र लिहिलं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही.

नोकरी राहिली. पण महिनाभर सर तिची प्रत्येक गोष्ट दुसऱ्याकडून तपासून घेत होते, आणि अनोळखी नंबरवरून फोन वाजला की ती तो अण्णांच्या हातात द्यायची. त्या माणसाचा परत मेल आला नाही. तक्रार दिली होती, पण तो कोण होता, हे पोलिसांनाही कळलं नाही.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी राजाबाईंनी तिला वायर जोडायला बोलावलं. दुसरा कुणी नको, म्हणाल्या. पण ती टेबलाखाली वाकली तेव्हा त्या मागंच उभ्या होत्या.

“काय करतीस ते सांगत सांगत कर,” राजाबाई म्हणाल्या. “मला बी कळू दे.”

अनुराधा सांगू लागली. भरमू वही घेऊन लिहून घेत होते.