हरताळाच्या दिवशी मोजलेले पाणी

मी एक जुनी सरकपट्टी आहे. ऑफिसातले लोक मला स्लाइडरूल म्हणायचे आणि घरी मालकांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई मला आपली सवत म्हणायच्या. आता माझा मुक्काम माटुंग्याच्या एका घरात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात असतो. शेजारी लोकरीच्या सुया आणि बंद पडलेले एक घड्याळ आहे. गणकयंत्रे आली आणि माझे काम गेले. त्याबद्दल मी कुरकुर करत नाही, पण इतकी वर्षे कोणी साधी चौकशीही करू नये, याचे थोडे वाईट वाटते.

मित्रांनो, माझे अंग महोगनी लाकडाचे आहे. त्यावर पांढरा पत्रा आणि पत्र्यावर बारीक रेघांची दाटी. मधली पट्टी सरकवायची, काचेवरची केसाएवढी रेघ हव्या त्या आकड्यावर आणायची, की गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, जे हवे ते हजर. माझी एकच खोड आहे. मी शून्ये सांगत नाही. उत्तर सहा, साठ की सहाशे, हे ज्याचे त्याने डोके चालवून ठरवायचे. म्हणून वेंधळ्या माणसाच्या हातात मी धोक्याची. पण एकदा चांगल्या हुशार माणसाच्या हातातही मी धोक्याची ठरले, आणि तेव्हा शून्य अगदी जागच्या जागी होते.

तो हुशार माणूस म्हणजे माझे मालक गुरुदत्त. घराणे मुंबईचे जुने, बोलणे मऊ, कपडे कडक इस्त्रीचे. इंजिनियर झाल्यावर वडिलांनी मला फोर्टातल्या दुकानातून आणून त्यांच्या हातात ठेवले. पुढे परळच्या एका ऑफिसात त्यांना नोकरी लागली. त्या ऑफिसात पाण्याच्या पाइपांची आकडेमोड चाले. किती माणसांना किती पाणी, ते न्यायला किती इंचांचा पाइप, हे ठरवायचे. ऑफिसचे नाव मी सांगणार नाही. चूक तिथली होती, आणि घरातली चूक कोणी नावानिशी सांगत नाही.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षे होती. भिंतीभिंतीवर 'झालाच पाहिजे' लिहिलेले असे. गुरुदत्त हंगामी नोकर होते, त्यामुळे ते घोषणा मनातल्या मनात देत. त्यांना पहिले स्वतंत्र काम मिळाले ते लालबागच्या एका गल्लीचे. गल्लीत ओळीने सहा चाळी आणि प्रत्येक चाळीला चार नळ. जुना पाइप गंजून निम्मा बुजला होता आणि तिथे नवा टाकायचा होता. हे काम नीट झाले, की नोकरी कायम होणार होती.

गल्लीच्या टोकाला, सहाव्या चाळीत, गंगुबाई राहत. कोकणातून आलेल्या वीस गिरणी कामगारांची त्या खानावळ चालवत. पहाटे वीस जणांचा चहा, वीस डब्यांची भाकरी. पण त्यांच्या नळाला पहाटे थेंब येत नसे. हंडा कमरेवर घेऊन त्या पहिल्या चाळीपर्यंत जात, तिथल्या बायकांची मिनतवारी करत आणि भरलेला हंडा घेऊन परत येत. अशा रोज आठ-नऊ खेपा. हे अकरा वर्षे चालले होते. नव्या पाइपाची वाट त्यांच्याएवढी कोणी पाहत नव्हते.

आता पाइप किती जाडीचा घ्यायचा, हे एका गोष्टीवर ठरते. एका वेळी जास्तीत जास्त किती नळ उघडे असतात? ते जाऊन मोजावे लागते. गुरुदत्तांनी त्यासाठी दिवस निवडला तो हरताळाचा. त्यामागे त्यांचा एक विचार होता आणि त्यावर ते फार खूश होते. गिरण्या बंद, म्हणजे सगळी माणसे घरी. सगळी घरी, म्हणजे पाणी जास्तीत जास्त लागणार. त्या दिवशी मोजले, की हिशेब सुरक्षित. ट्राम नाही, बस नाही, तर ते दादरहून लालबागपर्यंत चालत गेले. मी त्यांच्या खिशात होते. खरे सांगते, मलाही त्यांचा अभिमान वाटला.

त्यांनी पहाटेपासून पाणी जाईपर्यंत गल्लीत फेऱ्या घातल्या. एका वेळी बारांहून जास्त नळ कधीच उघडे दिसले नाहीत. एक नळ मिनिटाला पाच गॅलन देतो, तेव्हा बारांना साठ. रात्रीची झोप झालेली माणसे निवांत दात घासत होती, सभेच्या गप्पा मारत होती. गुरुदत्तांनी वहीत साठ लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पाणी पाइपातून धावते तेव्हा ते पाइपाच्या भिंतींना घासत जाते आणि त्याचा जोर झिजतो. हा जोर फुटांत मोजतात. गल्लीच्या तोंडाशी पस्तीस फुटांचा जोर होता. मिनिटाला साठ गॅलन न्यायचे, तर तीन इंची पाइपात शेवटपर्यंत अकरा फूट झिजतात आणि चोवीस उरतात. मी चटकन उत्तर दिले. गुरुदत्तांनी दोनदा ताडून पाहिले, त्यांच्या साहेबांनी, म्हणजे हेमचंद्रांनी, तिसऱ्यांदा. लोखंडाची टंचाई होती, तेव्हा तीन इंचांत भागते म्हटल्यावर सगळ्यांना बरे वाटले. जुन्या पाइपाशेजारी खड्डा खणला गेला, तीन इंची पाइप त्यात जोडून झाले आणि शनिवारी माती लोटायची ठरली. पाणी अजून जुन्याच पाइपातून येत होते.

बुधवारी गुरुदत्त काम पाहायला गेले. गंगुबाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून खाली बघत होत्या.

"सायबानू, पाइप एवढोच?" त्यांनी विचारले.

"पुरेल बाई. मी स्वतः येऊन नळ मोजलेत."

"तुमी मोजलात तो दिवस हरताळाचो. गिरणी बंद, भोंगो नाय, घाई नाय. माका त्या दिवशी घरच्या नळाक पाणी इला. अकरा वर्सांत पयल्यांदा. मी नारळ फोडलंय." त्यांनी बोटाने खालचा पाइप दाखवला. "उद्या पाचाक येवा आणि मगे सांगा."

गुरुदत्तांच्या घरी गच्चीवर टाकी होती. पाणी भरण्याची वेळ म्हणजे काय, हे त्यांना कधी कळायची गरजच पडली नव्हती.

गुरुवारी पाचला आम्ही गल्लीत होतो. काय सांगू मित्रांनो, ती गल्ली ती नव्हेच. सातची पाळी, त्याआधी आंघोळ, चहा, डबा, आणि सगळे एका तासात. चोवीसच्या चोवीस नळ उघडे. प्रत्येक नळापुढे बालद्या, हंडे, घागरी. एक भांडे भरले की नळ बंद न करताच दुसरे खाली सरकायचे. शिवाय कालचे उरलेले पाणी शिळे म्हणून बायका मोरीत ओतत होत्या आणि पिण्याचे ताजे भरत होत्या. ही रीत कोणत्याही पुस्तकात नव्हती. सहाव्या चाळीतला नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. गंगुबाईंनी हंडा उचलला आणि पहिल्या चाळीच्या वाटेला लागल्या. जाताना त्यांनी गुरुदत्तांकडे पाहिलेसुद्धा नाही.

गुरुदत्त तिथेच, पालथ्या घातलेल्या एका घंगाळावर बसले आणि त्यांनी मला बाहेर काढले. चोवीस नळ, एकशेवीस गॅलन. पाणी दुप्पट धावले की झीज नुसती दुप्पट होत नाही, साडेतीन पटींच्याही वर जाते. माझी रेघ चाळीसवर येऊन थांबली. जोर पस्तीस फुटांचा आणि झीज चाळीसची. म्हणजे नवा कोरा पाइप टाकूनही गंगुबाईंचा नळ कोरडाच राहणार. मग त्यांनी चार इंच धरून पाहिले. एका इंचाने झीज चौथ्या हिश्श्यावर आली, दहा फूट. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी खोटे बोलले नव्हते. त्यांनी विचारले त्याचे उत्तर मी बरोबर दिले होते, आणि त्या उत्तरापायी एक बाई जन्मभर हंडे वाहणार होती.

घरी आल्यावर ते चहा न घेता बसून राहिले. राजलक्ष्मीबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"सांगितलं तर काय होईल?" त्यांनी विचारले.

"कायम करणार नाहीत. काढूनही टाकतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"कुणाला कळणार नाही. जुना पाइप काय, नवा काय, शेवटच्या चाळीला पाणी कमीच येतं, असं म्हणतील लोक."

"तुम्हाला कळेल ना? कायम होऊन जर असेच तोंड पाडून बसणार असाल, तर त्या नोकरीत मला काही गोडी नाही. जा आणि सांगून या."

गुरुदत्त गेले. हेमचंद्रसाहेब चष्मा कपाळावर चढवून फाइल वाचत होते.

"साहेब, लालबागचा पाइप चुकला. चार इंची हवा."

"गणित मी तपासलंय. बरोबर आहे."

"गणित बरोबर आहे. मी मोजायला गेलो तो दिवस चुकीचा होता." आणि त्यांनी हरताळ, भोंगा, चोवीस नळ, सगळे सांगितले.

साहेबांनी त्यांच्या हातून मला घेतले, दोनदा सरकवले, रेघेकडे बराच वेळ पाहिले. "परवा माती लोटायची आहे, हे माहीत आहे ना? पाइप उपसायचे, दुसरे मिळवायचे, वर उत्तर द्यायचं. मी काय सांगू त्यांना?"

"चूक माझी, असं सांगा."

"मी नाही सांगणार. तुम्ही लिहून द्या, स्वतःच्या हातानं. मी खाली सही करीन." मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "कायम व्हायला आता वर्ष लांबणार, गुरुदत्त. त्यात मला काही करता येणार नाही. पण आज आलात हे बरं केलंत. सोमवारी आला असतात तर मी तुम्हाला दारातही उभं केलं नसतं."

गुरुदत्तांनी लिहून दिले. तीन इंची पाइप निघाले. चार इंची मिळवायला पाच आठवडे गेले आणि तेवढे दिवस उघड्या खड्ड्यावरून फळ्या टाकून ये-जा करताना गल्लीने त्यांच्या नावाने बोटे मोडली. गंगुबाई मात्र फळीवरून हंडा नेत राहिल्या.

पाणी सोडले त्या दिवशी आम्ही पुन्हा पाचला हजर होतो. गुरुदत्त पहिल्या चाळीपासून मोजत निघाले. चार, आठ, बारा. सगळे उघडे. सोळा, वीस. सहाव्या चाळीपाशी त्यांची पावले रेंगाळली. पुढे जायची त्यांना भीती वाटत होती, आणि खिशातून मला त्यांचे काळीज ऐकू येत होते.

गंगुबाई नळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. नळाखाली हंडा होता आणि हंड्यात पाणी पडत होते, जाड, सरळ धारेने. हंडा भरून वाहू लागला तरी त्या उठल्या नाहीत. पाण्याखाली हात धरून नुसत्या बसून राहिल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी वर पाहिले.

"तुमची नोकरी ऱ्हवली मां?"

"राहिली. कायम व्हायला अजून वर्ष लागेल."

गंगुबाई आत गेल्या आणि कपबशी घेऊन आल्या. "घेवा. माझ्या नळाच्या पाण्याची चाय. वर्सभर सकाळची चाय हयसरच घेवची. पैशे काडलात तर बघा."

गुरुदत्तांनी बशीत चहा ओतला, पण त्यांना तो लवकर पिता येईना. मित्रांनो, पुढे त्यांनी मोठमोठी कामे केली, लोकांनी हार घातले, माझेही कौतुक झाले. पण मला विचाराल तर माझे आयुष्य त्या बशीपाशी भरून पावले.

तुमच्या हाती आता माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रे आहेत. ती तुम्हाला शून्येसुद्धा मोजून देतात. त्यांना जरूर विचारा. फक्त दुसऱ्याच्या घरासाठी आकडा काढायचा असेल, तर आधी त्या घरी, त्यांच्या घाईच्या वेळेला, एकदा जाऊन या. आम्ही गेलो नसतो, तर माझे उत्तर फाइलीत बरोबरच राहिले असते, आणि गंगुबाई रोज पहाटे हंडा घेऊन पहिल्या चाळीकडे चालत राहिल्या असत्या.