पायरीखालच्या चपला

माझ्या धाकट्या भावानं, नझरीनं, शेजारच्या ताहिरवर कोयता चालवला, आणि सगळ्या गावाला त्याचाच पुळका आला. "बिचाऱ्याला अमोक चढला, वेडाचा झटका. डोळ्यांपुढं काळोख आला असेल, त्याचं त्याला कळलंच नसेल." ताहिरची दोन बोटं गेली, त्यांचं दुःख करायला त्याची बायको तेवढी होती.

सहा वर्षांपूर्वी माझंही डोकं असंच फिरलं होतं. तेलताडाच्या मळ्यावरच्या मुकादमाच्या घरात शिरून मी त्याला फावड्यानं बदडलं. तेव्हा अमोकबिमोक कुणाला सुचलं नाही. "लुकमान पहिल्यापासूनच तापट," असं म्हणून लोक मोकळे झाले. मी तीन वर्षं तुरुंगात काढली. आमची आई, माक, एकदाही भेटायला आली नाही. 'शरम वाटते' एवढाच निरोप आला. तुरुंग म्हटल्यावर शरम वाटणारच, अशी मी मनाची समजूत घातली.

नझरीला मात्र कोर्टानं तपासणीसाठी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. दर शनिवारी माक दोन बस बदलून तिकडं जायची. डब्यात नारळाच्या दुधातला भात, तळलेले बांगडे, वर साम्बलची तिखट चटणी. चौतिसाव्या वर्षी मी भावाच्या भाताकडं बघून जळत बसायचो. खोटं कशाला बोलू?

"डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत," ती आल्या आल्या सांगायची. "झोप लागते का विचारतात, भास होतात का विचारतात."

"मला विचारलं होतं कुणी?"

"तुझं वेगळं. तू दगड आहेस. तो आजारी आहे रे."

एक गोष्ट फक्त तिला आणि मला माहीत होती. त्या दिवशी आरडाओरडा ऐकून ताहिरकडं पहिला मी पोचलो. जिन्याच्या पायथ्याशी नझरीच्या चपला होत्या, जोडीनं नीट लावलेल्या. आमच्यात चपला घालून कुणाच्या घरात शिरत नाहीत. पण डोळ्यांपुढं काळोख आलेला माणूस कुठला चपला काढतोय? मी त्या उचलून घरी आणल्या होत्या.

साक्षीच्या आदल्या दिवशी माकनं माझा हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला असेल.

"चपलांचं काढू नकोस, लुकमान. तुरुंगात मरेल तो."

"मी नाही मेलो."

"तू मरणाऱ्यातला नाहीस."

हात सोडवून घेतला मी. जाऊ दे त्यालाही आत, म्हटलं. मग बघू, तिला त्याचीही शरम वाटते की नाही.

कोर्टात मी सगळं सांगितलं. चपला कशा होत्या, कुठं होत्या, एकमेकींना कशा चिकटून होत्या. माक समोरच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाई उठून म्हणाल्या, "साहेब, ही लहानपणापासूनची सवय आहे. पाय आपोआप करतात. त्यावरून मन ताळ्यावर होतं असं ठरत नाही. हा मुलगा दोन महिने भिंतीशी बोलतोय. त्याला औषधांची गरज आहे."

बाई खरं बोलत होत्या, आणि ते माझ्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. मुकादमाच्या घरातून पोलिसांनी मला नेलं ते अनवाणीच. चपला मी कधी काढल्या, फावडं किती वेळा मारलं, मला आजही आठवत नाही. हे तिथं बोललो असतो तर भाऊ वाचला असता. मी गप्प बसलो. न्यायाधीशांना चपला पटल्या. नझरीला चार वर्षांची शिक्षा झाली.

भेटीच्या पहिल्या शनिवारी माक पहाटेच उठली. ईदचे ठेवणीतले कपडे घातले, आरशासमोर डोक्यावरचा रुमाल टाचणीनं नीट लावला. हातात डबा नव्हता.

"कुठं निघालीस?"

"नझरीकडं. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे, मी चौकशी केली. नुसती बसून येईन."

"तुरुंगात जाणार तू? शरम नाही वाटत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भलतंच विचारलंय.

"लेकराची कसली शरम?" म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.